भोंगा बंद, दिवा सुरू

रुग्णवाहिकेचा भोंगा मागून ऐकू आला की काय करायचे, हे आता आपल्याकडे बहुतेकांना कळते. राणी चन्नम्मा चौकात संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नसते. तरीही भोंगा वाजला की रिक्षावाला रिक्षा कडेला दाबतो, दुचाकीवाले गटारीपर्यंत सरकतात, एखादा पोरगा हात वर करून सिटी बसला थांबवतो आणि बघता बघता वाट निघते. माणसाच्या जिवाबद्दल आपल्या लोकांना अजून कळवळा आहे, याची ती खूण. अंत्ययात्रा दिसली तर टोपी काढून बाजूला उभी राहणारी आपली माणसे, जिवंत माणसासाठी सरकणार नाहीत असे कसे होईल?

पण वाचकहो, प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ती रुग्णवाहिका अपघाताच्या ठिकाणी पोचते. चालक भोंगा बंद करतो. छतावरचा दिवा तेवढा फिरत राहतो. दोन-तीन माणसे खाली उतरतात, स्ट्रेचर ओढतात आणि रस्त्याच्या कडेला, कधी भर रस्त्यातच, गुडघ्यावर बसून कामाला लागतात. आता मागून येणाऱ्या आपण काय करायचे? याचे उत्तर मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. निम्मे लोक आहे त्याच वेगात शेजारून निघून जातात. उरलेले अगदी शेजारी येऊन गाडी हळू करतात, पण ती मान बाहेर काढून 'काय झालं, कोण गेलं' हे बघण्यासाठी. अलीकडे त्यात मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांची भर पडली आहे.

मी राज्यशास्त्र शिकवतो. कायदा कसा होतो आणि कोणासाठी होतो हा धडा शिकवताना वर्गाला मी एक कलम वाचून दाखवतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा १९४ ई हे कलम नव्याने आले. अग्निशामक दलाची गाडी, रुग्णवाहिका किंवा राज्य सरकारने ठरवलेले अन्य आपत्कालीन वाहन येत असताना जो चालक आपली गाडी रस्त्याच्या कडेला घेणार नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, असे ते सांगते. कलम चांगले आहे. दंडही लहान नाही. मग मी मुलांना विचारतो, "यात काय राहून गेलंय?" बराच वेळ कोणी बोलत नाही. शेवटी मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, "सर, गाडी उभी असली तर?"

नेमके तेच. हे कलम 'येत असलेल्या' वाहनाविषयी बोलते. पोचलेल्या आणि उभ्या राहिलेल्या वाहनाविषयी ते काही सांगत नाही. तिथे काम करणाऱ्याला कोणी उडवले, तर धोकादायक वाहन चालवण्याचे कलम आहे, भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे कलम आहे. पण ती सगळी कलमे रक्त सांडल्यानंतरची. माणूस उडण्याआधी, शंभर पावले अलीकडे चालकाने काय करायला हवे, हे त्याला सोप्या शब्दांत कोणी सांगितलेले नाही.

हे काही कागदावरचे भांडण नव्हे. मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर ५ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे एक अपघात झाला. अंधार होता. मदतीसाठी रुग्णवाहिका आली, सेतूवरचे कर्मचारी आले. काम सुरू असतानाच मागून भरधाव आलेली एक मोटार उभ्या गाड्यांवर आणि माणसांवर जाऊन आदळली. पाच जण मृत्युमुखी पडले. त्यात सेतूवरचे कर्मचारीही होते. मदतीला जावे आणि परत येऊ नये, अशी ही गोष्ट.

वर्षही पुरते झाले नाही, तोच अहमदाबादला सरखेज-गांधीनगर महामार्गावरच्या इस्कॉन पुलावर, १९ आणि २० जुलै २०२३ च्या मधल्या रात्री तसेच घडले. एक जीप डंपरवर मागून धडकली. पोलीस आले, बघ्यांची गर्दी जमली. तेवढ्यात एक महागडी मोटार प्रचंड वेगाने त्या गर्दीत घुसली. नऊ जणांचे प्राण गेले. त्यात एक पोलीस शिपाई होता, एक गृहरक्षक दलाचा जवान होता, आणि बाकीची तरणीताठी मुले होती. पहिल्या अपघातात जेवढी हानी झाली नाही तेवढी दुसऱ्या अपघातात झाली. रस्त्यावर काम करणाऱ्या माणसांना ही भीती नेहमीची आहे. एक अपघात झाला की त्याच जागी दुसरा होण्याची शक्यता वाढते. मागून येणाऱ्याला पुढे काय आहे याची कल्पना नसते आणि पुढची माणसे आपल्याच धांदलीत असतात.

या प्रश्नावर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त खल झाला तो अमेरिकेत. तिथे या कायद्याला सरळ 'मूव्ह ओव्हर लॉ' म्हणतात, म्हणजे 'बाजूला सरा' कायदा. त्याचा जन्म कसा झाला ते ऐकण्यासारखे आहे. साउथ कॅरोलिना राज्यातल्या लेक्सिंग्टन इथे २८ जानेवारी १९९४ रोजी जेम्स गार्सिया नावाचा आपत्कालीन सेवेतला कर्मचारी एका अपघाताच्या ठिकाणी मदतीला गेला होता. तिथे त्याला एका वाहनाने ठोकरले. तो जबर जखमी झाला. पुढे पोलिसांनी चौकशी केली, आणि अहवालात दोष कोणाचा ठरला? गार्सियाचाच! रस्त्यावर उभा होता तो, गाडी काही त्याच्या घरात शिरली नव्हती, असा तो हिशेब. त्या वेळच्या कायद्याच्या चौकटीत कदाचित दुसरे काही लिहिताही येत नसेल. कारण रस्त्यावर काम करणाऱ्याला चालकाने सांभाळून घ्यावे असे कायद्यात कुठे लिहिलेलेच नव्हते.

गार्सियाने तो अहवाल घेऊन गप्प बसायचे नाकारले. त्याने लोकप्रतिनिधींची दारे ठोठावली, पाठपुरावा केला, आणि १९९६ साली साउथ कॅरोलिनात हा कायदा झाला. मग एकेक राज्य त्या वाटेने गेले. सगळ्यात शेवटी हवाई बेटांनी २०१२ साली कायदा केला आणि पन्नासही राज्ये पूर्ण झाली. एका जखमी माणसाच्या तक्रारीपासून सुरू झालेले काम देशभर पोचायला सोळा वर्षे लागली. कायदे वरून पडत नाहीत, खालून ढकलावे लागतात, हे मी वर्गात सांगतो तेव्हा याच माणसाचे उदाहरण देतो.

कायद्यातले सांगणे मात्र अगदी साधे आहे. रस्त्याच्या कडेला दिवे लावून आपत्कालीन वाहन उभे दिसले, तर त्याच्या लगतची पट्टी सोडा आणि एक पट्टी पलीकडे सरका. सरकणे शक्य नसेल, शेजारी वाहन असेल किंवा रस्ताच दोन पट्ट्यांचा असेल, तर वेग कमी करा. किती कमी? फ्लोरिडा राज्याने ते आकड्यात सांगून टाकले आहे. ठरलेल्या वेगमर्यादेपेक्षा ताशी वीस मैल, म्हणजे साधारण बत्तीस किलोमीटरने कमी. 'योग्य वेग', 'वाजवी वेग' असे शब्द वकिलांना आवडतात. चालकाला आकडा सांगितलेला बरा.

सुरुवातीला हे संरक्षण पोलीस, अग्निशामक आणि रुग्णवाहिका यांनाच होते. नंतर लोकांच्या ध्यानात आले की बंद पडलेली गाडी ओढून नेणारा क्रेनवालाही त्याच कडेला, त्याच धोक्यात उभा असतो. मग ठिकठिकाणी त्याला घेतले, रस्तादुरुस्तीच्या कामगाराला घेतले. फ्लोरिडाने तर १ जानेवारी २०२४ पासून, चारी इंडिकेटर लावून किंवा धोक्याची खूण ठेवून कडेला उभ्या असलेल्या कोणाही साध्या माणसाच्या बंद गाडीला हेच संरक्षण दिले. हा प्रवास मला महत्त्वाचा वाटतो. आधी गणवेश बघितला गेला आणि मग हळूहळू माणूस दिसू लागला.

कायदा केला आणि सगळे सुधारले, असे तिथेही झाले नाही. शिकागोच्या अग्निशामक दलातले लेफ्टनंट स्कॉट गिलन हे २३ डिसेंबर २००० रोजी डॅन रायन द्रुतगती मार्गावर अपघातस्थळी काम करत असताना मोटारीच्या धडकेने गेले. त्यांच्या नावाने इलिनॉय राज्याने 'स्कॉट्स लॉ' केला. तरीही २०१९ च्या जानेवारीत आणि मार्चमध्ये त्याच राज्याचे दोन पोलीस रस्त्याकडेला कर्तव्यावर असताना वाहनांखाली गेले. त्यानंतर तिथे दंड वाढवला. पहिल्या गुन्ह्याला किमान २५० डॉलर आणि दुसऱ्याला किमान ७५०. म्हणजे कायदा, दंड आणि पुन:पुन्हा सांगणे या तिन्हींची गरज असते. एकट्या कायद्याने फार तर पुस्तक जाड होते.

ऑस्ट्रेलियाकडून एक वेगळा धडा मिळतो. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याने सप्टेंबर २०१८ मध्ये नियम केला की, दिवे लावून उभ्या असलेल्या आपत्कालीन वाहनाशेजारून जाताना वेग ताशी चाळीस किलोमीटरवर आणायचा. हेतू उत्तम. पण शंभर-एकशेदहाच्या महामार्गावर पुढचा चालक एकदम चाळीसवर आला, तर मागचा त्याच्यावर आदळायचा, अशी भीती लोकांनी बोलून दाखवली. वर्षभरातच, सप्टेंबर २०१९ मध्ये, त्यांनी नियम सुधारला. ज्या रस्त्यांवर वेगमर्यादा नव्वद किंवा त्याहून जास्त आहे, तिथे चाळीसची सक्ती काढली. वेग परिस्थितीनुसार सुरक्षित इतका कमी करा, पट्टी बदलता येत असेल तर बदला आणि पुरेशी जागा ठेवा, असे सांगितले. नियम करताना तो कुठल्या रस्त्यावर लागणार हे पाहावे लागते, हे यातून शिकण्यासारखे. आपल्याकडे उद्या कोणी असा नियम करायला बसला, तर त्याने हे आधी वाचावे.

आता आपल्या दारातला रस्ता बघू. पुणे-बेंगळूर महामार्ग, पूर्वीचा चार नंबरचा आणि आताचा ४८ नंबरचा, निपाणी, संकेश्वर, काकती करत आपल्या उशाशी येतो. पूर्वीच्या अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्याची भीती असायची. आता भीती मागून येणाऱ्याची आहे. जरा गणित करू. ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते, म्हणजे क्रिकेटची अख्खी खेळपट्टी ओलांडून पुढे. समोर काहीतरी आहे हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तरी तेहेतीस मीटर तसेच गेले. मग ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी पस्तीसेक मीटर. एकूण अडुसष्ट. शंभरचा वेग असेल, तर हाच आकडा सत्त्याण्णवच्या आसपास जातो. वेग पाव पटीने वाढला, पण थांबण्याचे अंतर जवळजवळ दीडपट झाले. त्यात पाऊस, झिजलेले टायर, लादलेला ट्रक आणि डोळ्यांवरची झोप हे सगळे मिळवा. रात्री मोटारीच्या दिव्याच्या उजेडात इतक्या लांबवरचा काळ्या कपड्यातला माणूस दिसतो का, याचे उत्तर ज्याने त्याने स्वत:ला द्यावे.

आमच्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेला एक मुलगा '१०८' च्या गाडीवर तंत्रज्ञ म्हणून काम करतो. कर्नाटकात ही सेवा २००८ पासून आहे. मधे तो भेटला तेव्हा मी त्याला विचारले, "अरे, कामात सगळ्यात भीती कशाची वाटते?" मला वाटले, रक्ताची म्हणेल, नातेवाइकांच्या रागाची म्हणेल. तो म्हणाला, "सर, पेशंटला बघताना माझी पाठ रस्त्याकडं असत्या. मागनं काय येतंय ते दिसत न्हाई, नुसतं ऐकू येतंय. ट्रक हाय का कार, ते आवाजावरनं कळतंय. आणि किती जवळनं गेली, ते अंगावर वारं आलं की कळतंय."

मी विचारले, "मग तुम्ही काय करता?" तो म्हणाला, "ड्रायव्हरमामा बॅटरी घेऊन मागं उभारतात. पण तेबी माणूसच की. त्यांच्याकडं बघायला आणि कोण हाय?" मग जरा थांबून म्हणाला, "भोंगा वाजतोय तवर लोक वाट देतात सर. भोंगा बंद केला की आम्ही कोणच न्हाई."

त्याचे लग्न ठरलेले आहे. मुलीकडच्यांनी नोकरी सरकारी की कंत्राटी एवढे विचारले, हे विचारले नाही. त्याच्या आईला मात्र ठाऊक आहे. रात्रपाळी असली की ती एकदा फोन करून "कुठं हायस?" एवढेच विचारते आणि ठेवून देते.

या मुलाच्या जागी रात्री-बेरात्री किती माणसे उभी असतात, याचा विचार करा. महामार्गाच्या गस्तीच्या गाडीवरचे लोक. पंचनामा करणारा हवालदार. क्रेनवाला आणि त्याचा हेल्पर. वीज मंडळाचा लाइनमन. दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणाऱ्या बायका. आणि उसाच्या हंगामात तर विचारूच नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर भर रस्त्यात एक्सल मोडून उभा असतो. मागे लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी धुळीने माखलेली, आणि खाली घुसून जॅक लावणारा माणूस. वाहन रस्त्यात धोका होईल असे सोडू नये, असे मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमात आहे. पण ते कलम त्या ट्रॅक्टरवाल्यापर्यंत पोचलेले नाही. त्याच्याकडे आहेत ते दगड. तो गाडीमागे चार दगड मांडतो, एखादी बाभळीची फांदी टाकतो, आणि गाडी दुरुस्त झाली की ते दगड तिथेच ठेवून निघून जातो. मग रात्री त्या दगडावर कोणाची तरी दुचाकी चढते.

म्हणून दोन्ही बाजूंनी सांगायला हवे. आधी मागून येणाऱ्याला. लांबून फिरता किंवा लुकलुकता दिवा दिसला, की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. ब्रेक दाबायची वेळ येण्याआधी. आरशात बघायचे, इंडिकेटर द्यायचा आणि मागचा मोकळा असेल तर एक पट्टी पलीकडे जायचे. चारपदरी रस्त्यावर गाडी डाव्या कडेला उभी असेल तर उजवीकडे. आपल्याकडे ती दुभाजकाला लागूनही उभी असू शकते, तेव्हा डावीकडे. सरकता येत नसेल तर वेग इतका उतरवायचा की एखादा माणूस एक पाऊल मागे आला तरी आपण थांबू शकू. चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटात सरकायला पट्टीच नाही, आणि पावसाळ्यात धुके. तिथे वेग कमी करणे हाच एक मार्ग.

दुचाकीवाल्यांना खास विनंती. उभी रुग्णवाहिका आणि गटार यांच्यामधल्या फटीतून डाव्या बाजूने गाडी घालू नका. पेशंट त्याच बाजूने आत जात असतो. आणि सगळ्यांनाच आणखी एक सांगणे. बघायला थांबू नका. जखमीला खरोखर मदत करायची असेल तर जरूर थांबा. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या रक्षणाची तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीत १३४ ए हे कलम आले, त्यामुळे भल्या माणसाला पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही. पण मदत पोचलेली असेल, तर आपले तिथे काम नाही. अहमदाबादच्या पुलावर काय झाले ते वर सांगितलेच आहे. शिवाय मान जिकडे वळते तिकडे हातातले स्टिअरिंगही नकळत वळते, हे सायकल शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. खड्डा टाळायचा म्हणून खड्ड्याकडे बघत राहिले की सायकल नेमकी खड्ड्यात जाते. दिव्याकडे टक लावून गाडी चालवणाऱ्याचेही तसेच.

आता ज्याची गाडी बंद पडली आहे त्याला. शक्य तितकी कडेला घ्या. चारी इंडिकेटर लावा. आपल्याकडे चारी इंडिकेटरची मोठी विटंबना झाली आहे. चौकात सरळ जायचे असले तरी लोक ते लावतात, पावसात चालत्या गाडीला लावतात, लग्नाच्या वरातीत तर लावतातच. त्यामुळे खरोखर गाडी उभी आहे की धावते आहे, हे मागच्याला कळेनासे होते. ती खूण उभ्या गाडीसाठी राखून ठेवा. गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण स्टेपनीखाली कुजत न ठेवता मागे पन्नासेक पावलांवर मांडा, महामार्गावर आणखी लांब, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. माणसांना गाडीत बसवून ठेवू नका, गाडीच्या मागे तर मुळीच उभे करू नका. लोखंडी कठड्यापलीकडे किंवा बांधावर न्या. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, एरवी ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे तीन आकडे घरातल्या लहान पोरालाही पाठ असावेत. आणि दगड लावलेच असतील, तर निघताना उचला.

सरकारनेही काही करायला हवे. सुदैवाने यासाठी संसदेत मोठे विधेयक आणण्याची गरज दिसत नाही. वाहन चालवण्याचे नियम अधिसूचनेने करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या ११८ व्या कलमाने केंद्र सरकारला दिला आहे, आणि २०१७ मध्ये असे नियम केलेही आहेत. त्यात उभ्या आपत्कालीन वाहनाबद्दल दोन स्पष्ट ओळी घालता येतील. 'सरका, सरकता येत नसेल तर वेग उतरवा.' वेगाचा आकडा रस्त्याच्या प्रकाराप्रमाणे ठरवा. रुग्णवाहिका आणि पोलीस यांच्याबरोबर क्रेनवाला आणि रस्त्यावरचा कामगारही त्यात घ्या. लायसन्सच्या परीक्षेत त्यावर एक प्रश्न ठेवा. टोलनाक्यावर, जिथे प्रत्येकाची गाडी हळू होतेच, तिथे एक फलक लावा. आमच्या भागात तो कन्नडमध्ये लावा, मराठीत लावा, हिंदीतही लावा. भरधाव ट्रकवाला कुठल्या भाषेत वाचतो यावर कोणाचे तरी प्राण अवलंबून असतात, तिथे भाषेचा वाद घालू नये.

एका गोष्टीने काम थोडे सोपे झाले आहे. १ मे २०१७ पासून मंत्री आणि अधिकाऱ्यांच्या मोटारींवरचे लाल दिवे गेले. पूर्वी दिवा दिसला की कोणी साहेब आला म्हणून लोक मनात शिव्या देत बाजूला व्हायचे. आता फिरता दिवा दिसला, की तिथे कोणी तरी अडचणीत आहे आणि कोणी तरी त्याच्या मदतीला आले आहे, असे समजायला हरकत नाही. त्या दिव्याला जी खरी प्रतिष्ठा द्यायची ती आता देता येईल.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, असे केंद्रीय वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे कडेला उभ्या असलेल्यांची संख्या लहानच असणार. पण ही माणसे तिथे हौसेने उभी नसतात. त्या आकड्यात आणखी एकाची भर पडू नये म्हणून ती रात्री झोपेतून उठून आलेली असतात. त्यांनाच आपण त्या आकड्यात घालायचे, हे कुठल्या हिशेबात बसत नाही.

या आठवड्यात महामार्गाने कोल्हापूरला, हुबळीला किंवा घाटाने गोव्याला निघणार असाल, तर घरच्यांशी या विषयावर पाच मिनिटे बोला. गाडी चालवणाऱ्या मुलाला, जावयाला, भाड्याच्या गाडीच्या चालकाला सांगा. मुले मागे बसलेली असतात, त्यांना लांबचा दिवा आधी दिसतो. "बाबा, दिवा, बाजूला घ्या," एवढे म्हणायला त्यांना शिकवा. ती विसरणार नाहीत.